सात नंबरची नळी

सांगली, ५ मे १९९६, रविवार

मी शिकवते त्या कॉलेजची संगणक लॅब सुट्टीत मला वापरू द्यावी, असं प्राचार्यांनी अखेर लेखी दिलं. तीस जूनपर्यंत. सहा मशिन, सगळी ४८६ चिपची. पीएच.डी.ला नाव नोंदवून पाच वर्षं झाली. तीस जूनला प्रबंध दिला नाही तर नाव रद्द होईल, हे विद्यापीठाचं पत्रही त्याच फायलीत वरच लावलं आहे. रोज दिसावं म्हणून.

काम काय आहे ते एकदा साध्या शब्दांत लिहून ठेवते. पुढे पुढे मी फक्त आकड्यांत बोलायला लागेन.

मातीच्या धरणातून पाणी झिरपतं. कुठे किती दाबानं झिरपतं, हे एका समीकरणात बसतं. ते सोडवायचं तर धरणाचे लाखभर बारीक ठोकळे कल्पायचे आणि प्रत्येकाचा आकडा शेजारच्यांशी जुळवायचा. एवढा पसारा एका मशिनमध्ये मावत नाही. मागच्या वर्षी छोटं उदाहरण घेऊन पाहिलं होतं, तर एकोणीस तासांनी वीज गेली आणि सगळं पुसलं गेलं. म्हणून आता धरणाचे लांबीत सहा तुकडे करायचे, एका मशिनला एक. प्रत्येकानं आपला तुकडा सोडवायचा, शिवेवरचे आकडे शेजाऱ्याला कळवायचे, त्याचे घ्यायचे आणि पुन्हा सोडवायचं. शिवेवर दोघांचं एकमत होईपर्यंत हेच. शीव म्हणजे नुसती रेघ नाही, पट्टा आहे. तो दोघांच्याही वाट्याला येतो.

उदाहरणाला आमच्याच गावचा सोनघळ तलाव घेतला आहे. आबा तिथे वीस वर्षं खात्यात मोजणीदार होते. त्यांच्या वह्या मागायला कुणाच्या सही-शिक्क्याची गरज नाही.

९ मे, गुरुवार

चार दिवस वाया. तीन मशिन एकमेकांशी बोलतात, चौथं जोडलं की सगळीच गप्प होतात. मी प्रोग्राम ओळीनओळ तपासला. दुपारी आमचे लॅब असिस्टंट शमशेरभाई शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "मॅडम, तुमचं लिहिलेलं राहू द्या, आधी वायर बघू." त्यांनी पूर्वी मिरजेत वीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले आहेत. केबलचं शेवटचं टोक मोकळंच होतं. तिथली टोपी कुणी काढून नेलेली. टोक मोकळं राहिलं की आवाज आदळून परत येतो आणि सगळे गोंधळतात, असं त्यांचं म्हणणं. दोन रोधक (रेझिस्टर) जोडून त्यांनी टोपी तिथेच बनवली. पाच वाजता सहाही मशिन बोलायला लागली.

१४ मे, मंगळवार

जमलं. शिवेचा पट्टा दोन थरांचा ठेवला तेव्हा एकमताला एकेचाळीस फेऱ्या लागल्या. चार थरांचा केला तर तेवीस. दोन तास दहा मिनिटं. मागच्या वर्षी याहून छोटं काम एकोणीस तासांतही संपलं नव्हतं. शमशेरभाईंनी घरून शिरखुर्मा आणला, ईद नसताना.

आता आबांच्या वह्या हव्यात.

सोनघळ, १८ मे, शनिवार

कऱ्हाडला गाडी बदलून दुपारी पोचले. आमची आळी गावात सगळ्यात खाली, ओढ्याच्या काठाला. घराच्या दारातून तलावाचा बांध दिसतो.

आबांनी ट्रंक उघडून दिली. कुणा हौशी साहेबानं त्या काळी बांधात आठ नळ्या बसवल्या होत्या. आबा त्यात सुतळीला वजन बांधून सोडायचे आणि पाणी किती खोल लागतं ते लिहायचे. अक्षर छापल्यासारखं. बाकी सात नळ्यांची मापं आठवड्याला एक आहेत. सात नंबरचं माप मात्र रोज दोनदा. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी शाळेच्या वहीत आठही नळ्या चालूच आहेत, सात नंबर अजून रोज दोनदा. मी विचारलं, हीच नळी का? म्हणाले, "वाटंवर हाय." घरी बसून वेळ जात नसेल. एवढी वर्षं नियमानं राबलेला माणूस.

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "सात म्हंजी घळीतली न्हवं?" आबांनी तिला चहाचं बघायला सांगितलं.

जेवताना आबांनी विचारलं, तुझं मशिन सातला काय सांगतंय? म्हटलं, अजून ताडून पाहिलेलं नाही. त्यांनी अर्धी भाकरी तशीच ठेवली. उन्हाळा बाधत असावा.

सांगली, २३ मे, गुरुवार

मागच्या सप्टेंबरात तलाव भरला होता तेव्हाची मापं घेतली. बाकीच्या सात नळ्यांत मशिनचा आकडा आणि आबांचा आकडा यांत वीतभरही फरक नाही. सात नंबरला मात्र आबांचं पाणी सव्वादोन मीटर वर. आणि ही नळी नेमकी तिसऱ्या आणि चौथ्या तुकड्याच्या शिवेवर येते. म्हणजे माझी शीवच चुकते आहे. प्रबंधाचा सगळा दावा असा की तुकडे करून सोडवलं तरी सांधा कळत नाही.

आज जेवण गेलं नाही.

२६ मे, रविवार

रडून झालं. मग विचार केला, दोष शिवेचा असेल तर शीव हलवली की दोषही हलला पाहिजे. धरणाचे पाच तुकडे केले, शिवा वेगळ्या जागी गेल्या. सात नंबरचा फरक होता तिथेच, तेवढाच. मग आडवे तुकडे पाडले. तरी तिथेच. गणित बरोबर आहे. चुकतं आहे ते दुसरंच काही.

२८ मे, मंगळवार

मार्गदर्शक सरांना फोन केला. त्यांचं म्हणणं, आठातल्या सात जुळल्या, अजून काय हवं? उरलेला एक बिंदू गाळून टाका. एका निवृत्त माणसानं सुतळीनं घेतलेलं माप, ते कशाला मिरवायचं? महिना राहिला आहे. मी बरं म्हटलं. संध्याकाळी प्रकरणात 'सात नळ्यांशी तुलना' असं लिहूनही टाकलं.

२९ मे, बुधवार

सकाळी ते वाक्य खोडलं. ज्यांची सात नळ्यांची मापं वीतभरही चुकत नाहीत, ते सात नंबरलाच सव्वादोन मीटर चुकतील कसे? तेही रोज दोनदा?

३१ मे, शुक्रवार

बांधाच्या पोटात काळ्या मातीची भिंत असते. पाणी अडवते ती तीच. मी मशिनला सांगितलं, सात नंबरच्या आसपास तीस मीटर ती भिंत कच्ची आहे असं धर. ऐंशी पट जास्त पाणी जाऊ दिल्यावर नळीचा आकडा जुळला. एकाच वर्षाचा नाही, पाच वर्षांचा. तलाव भरलेला असतानाचा आणि अर्धा असतानाचाही.

ती तीस मीटर म्हणजे घळभरणी. बांध दोन्हीकडून बांधत आणतात आणि मधे ओढ्याला वाट ठेवतात. ती घळ सगळ्यात शेवटी, पावसाच्या आत, घाईनं भरतात. सोनघळची त्र्याहत्तर साली भरली.

तलाव पूर्ण भरला तर त्या जागी पायथ्याला पाणी इतक्या जोरानं वर येईल, की माती सोबत घेऊन येईल. आतापर्यंत का आली नाही, सांगता येत नाही. पंच्याण्णवच्या शेवटच्या मापांवरून ती वेळ फार दूर नाही एवढं दिसतं.

खात्याचे उपअभियंता हंबीरराव यांना कऱ्हाडात भेटले. चाळिशीचे, सरळ माणूस. आकृत्या नीट बघितल्या. मग बांधकामाचा कागद काढून दाखवला: घळभरणी, काळी माती, पूर्ण लांबीत. "तुमचं गणित मला पटतं," म्हणाले, "पण पावसाळ्यात गेट उघडं ठेवून तलाव भरू द्यायचा नाही, हे मी कुठल्या आधारावर लिहू? कागदावर तर काळी माती आहे." मूळ मातीची नोंदवही साताऱ्याला असते.

सोनघळ, २ जून, रविवार

आबांना आनंदानं सांगायला गेले, की तुमची मापं बरोबर होती, चुकला आहे तो कागद. ते एकदम म्हणाले, "कागदावर काळी हाय नव्हं? मग काळीच." इतकं तोडून ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. आईनं तोंड उघडलं तर तिलाही गप्प केलं. ज्या बांधावर आयुष्य गेलं त्याला नाव ठेवलेलं सहन होत नसणार. मी वाद घातला नाही.

आई स्टँडपर्यंत आली. वाटेत म्हणाली, "त्या बांधावर माज्या डोस्क्यावरनं किती पाट्या गेल्या, ठावं हाय का तुला?" म्हटलं, माहीत आहे आई, तुम्ही फार सोसलंत. तेवढ्यात गाडी आली. मागं वळून पाहिलं तर ती तिथेच उभी होती. काही राहिलं असावं द्यायचं.

सांगली, ६ जून, गुरुवार

आजचं आजच लिहिते.

अकरा वाजता शमशेरभाई दारात येऊन म्हणाले, मॅडम, तुमच्या अम्मी आल्यात. आई. एकटी. ती कऱ्हाडच्या पुढे कधी एकटी आलेली नाही. गाडीत कुणाकुणाला विचारत आली. शमशेरभाईंनी पाणी दिलं आणि पंखा तिच्याकडे वळवून बाहेर जाऊन बसले.

ती म्हणाली, "तू सगळ्या जगाला इचारलंस. मला न्हाई इचारलंस."

मग सांगितलं. दुष्काळातलं काम. ती आणि इतर बाया रोज पाट्या वाहत होत्या. घळ भरायला लागल्यावर आठ दिवसांत काळी माती संपली. खाणीला पाणी लागलं, गाड्या अडकल्या. पाऊस तोंडावर. मुकादम म्हणाला, टाका काय असंल ते. "तवा टेकडीचा मुरूम टाकला. अठरा दिस. मुरूम कळतो गं, पाटी डोस्क्याला काचती."

मी विचारलं, मग वहीत काळी कुणी लिहिली?

तिनं मशिनकडे तोंड वळवलं. म्हणाली, "लिवता येनारा आमच्यात येकच होता."

सोनघळ, ९ जून, रविवार

आबा बांधावर होते. मी शेजारी जाऊन बसले. काय बोलायचं ते गाडीत पाठ केलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही. त्यांनीच सुरुवात केली. आईनं त्यांना सांगितलं होतं, की पोरीला सांगून आलेय.

मुकादम त्यांना म्हणाला होता, आकाराम, तू सातवी शिकलेला, काळी लिही, तुला कायमची नोकरी लागेल. लागली. त्यावर मी शिकले.

"मला वाटलं, चार पावसात बसंल मुरूम," आबा म्हणाले. "न्हाई बसला."

मला राग आला होता, हे इथे लिहिते. फार आला होता. आमचंच घर सगळ्यात खाली, हेही मनात आलं. पण त्यांनी मला एकच विचारलं, धोका किती? मी खरं ते सांगितलं. तीन मीटर कमी ठेवला तर बांध तगेल, पुरा भरला तर मी हमी देणार नाही. ते म्हणाले, "सायबाला बोलव. सरपंचालाबी."

मी म्हटलं, पेन्शन जाईल, चौकशी लागेल. आई एकटीनं सांगितलं तरी पुरेल. त्यांनी नकाराची मान हलवली. पुरणार नव्हतंच, ते मलाही माहीत होतं.

१२ जून, बुधवार

हंबीरराव जीपनं आले, सरपंच दादासो मोटारसायकलवर. त्यांच्याबरोबर गावातली दहाबारा माणसं. ढग होते, पाऊस नव्हता.

दादासोंचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तलाव भरला नाही तर रब्बीला पाणी नाही. दोनशे एकर कांदा आणि ऊस. एका पोरीच्या मशिनवर विसंबून गावानं तहानलं राहायचं का, असं त्यांनी माझ्याकडे न बघता हंबीररावांना विचारलं. हंबीररावांनी माझ्याकडे पाहिलं. मी आकृती उलगडली, पण वाऱ्यात ती धरवेना.

तेव्हा आई बांधावरून चालायला लागली. पदर खोचून, खाली बघत. एका जागी थांबली आणि टाचेनं रेघ ओढली. पुढे गेली, दुसरी रेघ ओढली. "हितनं ते हितपातुर," म्हणाली. "ह्यात काळी न्हाई. मुरूम हाय, मी टाकलाया."

हंबीररावांनी टेपनं मोजलं. एकतीस मीटर. मशिननं तीस सांगितलं होतं.

कुणीतरी मागून म्हणालं, बाईमाणसाला तेवीस वर्षांनी काय आठवतंय, कागद काय म्हणतोय ते बघा. आबा तोवर नळीपाशी उभे होते. ते पुढे आले, टोपी काढली.

"कागद खोटा हाय सायेब. सही माजी हाय."

हंबीररावांनी वह्या मागितल्या. जीपच्या बॉनेटवर ठेवून त्यांनी बरीच पानं उलटली, त्र्याहत्तरपासून परवापर्यंत. एकदा आबांकडे वर पाहिलं, मग वही मिटून दोन्ही हातांनी परत दिली. पावसाळाभर गेट उघडं, असा आदेश त्यांनी तिथेच लिहिला. त्याखाली आबांचा जबाब. मी म्हटलं मजकूर मी तयार करते, जरा सौम्य शब्दांत. आबांनी पेन सोडलं नाही.

दादासो निघून गेले.

सांगली, ३० जून, रविवार

प्रबंध दिला नाही. सहा महिन्यांची मुदत मागितली आहे. घळभरणीचं प्रकरण नव्यानं लिहायचं आहे. सरांनी अर्जावर सही केली. लॅबची किल्ली शमशेरभाईंना परत दिली. ते म्हणाले, किल्ली कपाटातच असेल, रविवारी कुणी विचारत नाही.

सोनघळ, २४ जुलै, बुधवार

तीन दिवस पाऊस महाबळेश्वरकडे आणि इकडे सारखाच कोसळतोय. परवा रजा टाकून आले. गेट पूर्ण उघडं असूनही पाणी काल भरतीच्या तीन मीटर खाली येऊन थांबलं. गेट बंद असतं तर सांडव्यावरून गेलं असतं.

सकाळी नऊला आबा पळत आले. एकसष्ट वर्षांचा माणूस पळत. सात नंबरच्या खाली, पायथ्याला, घागरीच्या तोंडाएवढ्या जागेतून पाणी उकळल्यासारखं वर येत होतं. गढूळ. म्हणजे बांधाच्या पोटातली माती.

भोक बुजवायचं नाही, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. बुजवलं तर पाणी दुसरीकडून फुटतं. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. आधी वाळू, मग बारीक खडी, मग मोठी, वर दगड. हंबीररावांना निरोप गेला. पण वाळू आत्ता हवी होती, आणि गावात वाळूचा ढीग होता तो दादासोंच्या नव्या घराच्या कामावर.

मी गेले. ते ओसरीवर होते. मी सांगितलं, पाणी गढूळ झालं आहे. त्यांनी एवढंच विचारलं, "किती टायम हाय?" म्हटलं, माहीत नाही. ते स्वतः ट्रॅक्टरवर बसले.

आळीतली माणसं, गावातली माणसं, सगळी रांगेत. आईच्या मागे दादासोंची सून, दोघींच्या डोक्यावर पाट्या. आळीतली म्हातारी आणि पोरं शाळेत हलवली. हंबीरराव बाराला पोचले, थर तपासले, आणखी एक द्यायला सांगितला. आबा पायथ्याशी बसून एका पेल्यात ते पाणी घ्यायचे, उजेडाला धरायचे, ओतून द्यायचे. पुन्हा घ्यायचे.

सव्वादोनला त्यांनी पेला माझ्याकडे दिला. पाण्यातून माझी बोटं दिसत होती.

११ ऑगस्ट, रविवार

खात्याची नोटीस आली. त्र्याहत्तरच्या नोंदीबद्दल आबांची चौकशी. मुकादम वारला आहे, त्या वेळचे साहेब कुठे आहेत कुणाला माहीत नाही. आबांचीच सही उरली. पेन्शन तूर्त थांबली. मी चिडून म्हटलं, बांध वाचवल्याचं हे बक्षीस का? आबा म्हणाले, "ते येगळं. हे येगळं." धोतर धुऊन वाळत घातलं, उद्या साताऱ्याला जायचं म्हणून.

त्यांना झोप चांगली लागते म्हणाली आई, अलीकडे. निवृत्तीचं वय, आराम मिळाला असेल.

१५ डिसेंबर, रविवार

तलाव उतरवून घळ उकरली. दोन रेघांच्या मधे, सात मीटर खोल, तांबडा मुरूम. हंबीररावांनी फोटो काढले. चौकशीत ते फोटो आणि आबांच्या वह्या जोडल्या आहेत. निकाल कधी, ते कुणी सांगत नाही. आबा तारखेला पहिल्या गाडीनं जातात.

प्रबंध परवा दिला. आठ नळ्यांशी तुलना.

आता घळ पुन्हा भरतायत, या खेपेला ट्रॉल्यांनी. आई रोज तिथे जाते. कुणी बोलावलेलं नाही. मी आज जेवण घेऊन गेले तेव्हा एक ट्रॉली नुकतीच आली होती. आईनं हात घालून मूठभर माती काढली, थुंकी लावून तळहातावर वळली, मोडली. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून थांबला होता.

"परत ने," आई म्हणाली.

तो म्हणाला, "मावशे, साहेबांनी पास केलीया."

हंबीरराव पलीकडे रोलरपाशी उभे होते. ड्रायव्हरनं त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी लांबूनच आईकडे बोट केलं आणि आपल्या कामाला लागले.

ट्रॉली वळली. आईनं हात झटकले, जेवणाचा डबा माझ्याकडून घेतला आणि पुढच्या ट्रॉलीच्या वाटेत, दगडावर बसली.